निघून गेलेल्या बायकोचा वॉल्ट्झ

आमच्या घरात कंट्री म्युझिकवरून जितकी भांडणं झाली, तितकी एसीच्या रिमोटवरूनही झाली नाहीत. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकांची गाणी. एक गिटार, एक फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, आणि गाणाऱ्याच्या गळ्यात दाटलेलं दुःख. वसईच्या आम्हा ख्रिस्ती मंडळींना ही गाणी कशी चिकटली, ते मला विचारू नका. कुणाच्या तरी बोटीवरच्या मामाने कॅसेट आणली, ती घरोघरी फिरली, आणि मग नारळाच्या झाडाखाली बसून आम्ही अशा थंडगार डोंगरांची गाणी म्हणू लागलो, जे आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते.

मी मराठी शाळेत शिकलो. त्या वयात माझं इंग्रजी म्हणजे नाव सांगणं आणि पेन दाखवणं. त्यामुळे कॅसेट थांबवत, मागे नेत, कान लावून मी ती गाणी शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवून घेतली. अर्थ कळायची गरज वाटली नाही. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लहानपणी जे काही म्हणत होतो, त्यातलं तरी कुठे सगळं कळत होतं? शब्द जिभेवर बसले, सूर गळ्यात बसला, काम झालं.

एकोणिसाव्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात बँडच्या गायकाचा घसा बसला आणि कुणीतरी मला पुढे ढकललं. आमच्या लग्नात केक कापून, टोस्टचे ग्लास उंचावून झाले की नवरानवरीचा पहिला डान्स असतो, आणि तो वॉल्ट्झवरच व्हायला हवा. धम-चक-चक, धम-चक-चक, असा तीनचा ठेका. वहीतला सगळ्यात गोड वॉल्ट्झ मी म्हटला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले, नवरीच्या बापाने मला मिठी मारली. त्या दिवसापासून आमच्या माणसांत पहिला डान्स म्हणजे माझा तो वॉल्ट्झ, हे ठरूनच गेलं. आधी वसईत, मग चोविसाव्या वर्षी इकडे आल्यावर शारजात, दुबईत, अबुधाबीत. बत्तीस लग्नं झाली. माझ्या स्वतःच्या लग्नातही मीच गायलो. एका हातात माइक, दुसऱ्या हातात बायको.

तेहतिसावं लग्न माझ्या मुलीचं होतं. ते मी मनात ती पाळण्यात असल्यापासून राखून ठेवलं होतं. रडायला लागली की हाच वॉल्ट्झ म्हणून तिला झोपवायचो, आणि म्हणता म्हणता ठरवायचो की हिच्या लग्नात असा गाईन, असा गाईन की बँडवाले वाजवायचं विसरतील. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? त्या तीन मिनिटांसाठी मी सत्तावीस वर्षं घसा सांभाळला.

आता मुलगी. शारजात जन्मली, शारजात वाढली. मी मराठीत बोलायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्यातला जुना करार. तीही कंट्रीच ऐकते, आणि तिथेच तर घोडं अडलं. रॉक-बिक ऐकलं असतं तर मी कानावर हात ठेवून गप्प बसलो असतो. पण आपल्याच देवाच्या नावाने दुसऱ्याचीच पूजा चालली असेल तर माणूस किती सहन करणार?

फुजैराला माझा एक मित्र राहतो. बंदरात तेल भरायला येणाऱ्या जहाजांचे कागद सांभाळतो, आणि गेली वीस वर्षं माझ्या गाण्याला गिटारही तोच वाजवतो. त्याच्याकडे आम्ही सुट्टीच्या दिवशी गाडीने जायचो. नियम असा की डोंगर ओलांडून जाताना माझी गाणी, परत येताना तिची. मला परतीचा रस्ता दुप्पट लांब वाटायचा.

"हे कंट्री?" मी म्हणायचो. "ह्यात ड्रम माणूस वाजवतोय की वॉशिंग मशीन?"

"डॅडी, इट्स कॉल्ड प्रोडक्शन."

"फिडल कुठाय?"

"वेट, कमिंग."

फिडल यायचं, चार सेकंद रडायचं आणि मशीनखाली चिरडून जायचं. आणि गाण्यात असायचं काय? पिकअप. पिकअप, जीन्स, बियर, मातीचा रस्ता, परत पिकअप. मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. दिवसभर मी पिकअपच्या पोटाखाली झोपलेला असतो. तिची कमान, तिचा क्लच, तिच्या सायलेन्सरमधली वाळू, सगळं मला ठाऊक. संध्याकाळी त्याच पिकअपवर कुणी प्रेमगीत ऐकवलं तर अंगाचा तिळपापड होणार नाही का? आणि बियरचं म्हणाल तर आम्ही राहतो शारजात, जिथे ती विकायला बंदी. म्हणजे निम्मं गाणं आम्हाला लागूच नाही.

"माझ्या गाण्यांत माणसं असतात," मी म्हणायचो. "जीव लावणारी, जीव जाळणारी. तुझ्यात नुसती गाडी."

"ॲटलीस्ट देअर इज अ गर्ल इन द ट्रक, डॅडी."

ह्या वाक्याचा वार मला तेव्हा कळला नाही.

तिचं लग्न ठरलं ते अबुधाबीच्या खलिफा सिटीत वाढलेल्या मुलाशी. घरचे मुंबईचे, मुलगा गुणी, मला अदबीने अंकल म्हणणारा. फक्त पहिल्या भेटीला तो काउबॉय बूट घालून आला. जूनमध्ये. अबुधाबीत. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं. तोही त्याच पिकअपवाल्या पंथाचा निघाला. पण मी पोटात घातलं, कारण पहिल्या डान्सला माझा वॉल्ट्झ असणार, हे मुलीने कबूल केलं होतं. आपणहून. आनंदाने.

लग्नाला दोन महिने होते. ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. हॉटेलच्या हॉलमध्ये मोठा एलईडी पडदा होता, त्यावर गाण्याचे शब्द झळकवायची तिची कल्पना. लोक नाचताना वाचतील, सोबत गातील. मला ती भारीच आवडली. मी वही काढली आणि शाळामास्तरच्या तोऱ्यात एकेक ओळ सांगू लागलो. ती टाइप करू लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला तिची बोटं मंदावली. पाचव्या ओळीला थांबली.

"डॅडी, हू इज ही सिंगिंग टू?"

"बायकोला. अजून कुणाला?"

"विच वाइफ? शी लेफ्ट हिम इन लाइन टू."

मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत माझं गाणं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. दाराशी भरलेली बॅग आहे. टॅक्सी उभी आहे. ती गेली. जाताना तिने भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं, आणि जिथे घड्याळ होतं तिथे रंगाचा एक कोरा गोल राहिला आहे. हा माणूस त्या गोलाकडे बघत बसतो आणि अजूनही त्यात किती वाजले ते शोधतो. दार त्याने उघडंच ठेवलं आहे. धम-चक-चक.

इंग्रजी मला आता येतं हो. तीस वर्षं मी साहेबांशी, गिऱ्हाइकांशी, इन्शुरन्सवाल्यांशी इंग्रजीत भांडतो आहे. पण ते इंग्रजी एका खणात आणि वहीतली गाणी दुसऱ्या खणात. मधलं दार कधी उघडलंच नव्हतं. तोंडपाठ झालेल्या गोष्टीचा अर्थ कोण बघायला जातो? आणि माझ्या देवनागरी उच्चारांत ते शब्द पोरीलाही कधी इंग्रजी वाटले नव्हते.

बायको स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊनच आली. "थांब, थांब. म्हणजे आपल्या लग्नात तू मला कमरेला धरून, सगळ्या वसईसमोर, मी पळून गेले म्हणून गात होतास?"

"मला काय माहीत होतं?"

"आणि मी लाजत होते! माझा फोटो आहे लाजतानाचा!"

मुलगी हसून हसून टेबलावर पडली होती. मी नाही हसलो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी म्हटलं, अर्थावर कोण नाचतं? पाय ठेक्यावर पडतात. बत्तीस लग्नांत कुणी तक्रार केली?

"डॅडी, एव्हरीबडी विल रीड इट. ऑन अ ट्वेल्व्ह फुट स्क्रीन. हिज होल फॅमिली."

"मग पडदा काढ."

"ऑर चेंज द साँग. प्लीज."

"खलास," मी म्हटलं आणि वही मिटली. "मी गाणारच नाही. त्या मशीनला बोलवा गायला."

पुढचे आठ दिवस मी गाल फुगवून होतो. घरात मीठ मागायचं असलं तरी 'मीठ' एवढंच म्हणायचो. पन्नाशी उलटलेल्या बाप्याने असं वागू नये हे मलाही कळत होतं, पण मन दुखलं होतं ते दुखलंच होतं. तिने गाण्याला नाही म्हटलं, त्याचं वाईट वाटलं नाही. तिचं बरोबर होतं, त्याचं वाटलं.

नवव्या दिवशी वही घेऊन फुजैराला मित्राकडे गेलो. म्हटलं, वहीत दुसरा वॉल्ट्झ असेलच की, शंभर पानं आहेत. आम्ही दोघं चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वही अर्थ लावत वाचू लागलो. पहिल्या गाण्यात आई मेली. दुसऱ्यात मुलगा तुरुंगात, आणि आई वाट बघत मेली. तिसरं फार गोड, मित्राच्या बहिणीच्या साखरपुड्यात आम्हीच वाजवलेलं. त्यात कुत्रा मेला. पुढे एक आगगाडी होती, तिच्यातून कुणीतरी कायमचं जात होतं. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत धडधाकट, शुद्धीवर असलेला आणि बायको घरात असलेला असा एकही माणूस आम्हाला भेटला नाही.

"जेजू!" मित्राने कपाळाला हात लावला. "काय केलं रे आपण आजवर? बत्तीस संसार लावले ह्या वहीवर."

"सगळे नीट चाललेत."

"एक मोडला."

"तो गाण्याने नाही मोडला. त्याच्या आईने मोडला."

मग मित्र म्हणाला, पोरीचं गाणं तरी ऐकू. पहिल्या डान्ससाठी निवडलेलं नवं गाणं तिने मला पाठवून ठेवलं होतं, मी रागाने उघडलंच नव्हतं. आम्ही लावलं. एक मुलगा, एक मुलगी, एक पिकअप, एक तळं. ती त्याचा शर्ट घालते, तो तिच्यासाठी घर बांधायचं म्हणतो. वॉशिंग मशीन जोरात चालू होतं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

"अजून कुणी मेलं नाही," मी म्हटलं.

"पुढच्या कडव्यात मरेल बघ."

गाणं संपलं. कुणी मेलं नाही. शेवटच्या कडव्यात ते म्हातारे झाले आणि तीच जुनी पिकअप दारात उभी होती. मी सवयीने म्हटलं, मातीच्या रस्त्यावर इतकी वर्षं चालवली तर बेअरिंग खलास झालं असणार. मित्र हसला. मी मात्र वही बाजूला सारली. माझ्या वहीतला एकही माणूस मी जावई म्हणून उंबऱ्याच्या आत घेतला नसता. तिने शोधलेला माणूस तिच्या फोनमधल्या गाण्यात होता, गाडी चालवत होता आणि संध्याकाळी घरी येत होता. परत येताना डोंगरातून मी तेच गाणं दोनदा लावलं. कुणाला सांगू नका.

घरी येऊन मुलीला म्हटलं, तुझं लाव.

"आर यू शुअर? अँड यू?"

"मी जेवेन."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

लग्नाच्या आठवड्यात तिची खोली रिकामी होऊ लागली. पुस्तकं गेली, कपडे गेले, बूट ठेवायची ती डुगडुगती मांडणी गेली. तिचा एक गोल आरसा होता भिंतीवर, शाळेत असताना मीच ठोकून दिलेला. तोही तिने काढून गादीत गुंडाळला. बायको म्हणाली, "खिळ्याचं भोक बुजव, आणि मागे राहिलेला तो गोल डागही रंगव. घरमालक बघायला येतो, बोंब मारेल." मी वर्कशॉपमधून पुट्टीचा डबा आणला. गाड्यांची पुट्टी, पण भिंतीलाही चालते. डबा खिडकीत ठेवला, आणि मग लग्नाच्या धावपळीत राहूनच गेलं.

रिसेप्शन फुजैरालाच होतं, समुद्रासमोरच्या हॉटेलात, दुपार कलल्यावर. काचेबाहेर तेल भरायला थांबलेली जहाजं रांगेत उभी होती. टोस्ट झाला. दिवे मंद झाले, एलईडी पडद्यावर शब्द उमटले, आणि डीजेने तिचं गाणं लावलं. दोघं छान नाचली, खोटं कशाला सांगू. नंतर जावयाच्या मित्रांनी लाइन डान्स सुरू केला. सगळे एका रांगेत, टाच, चवडा, गिरकी, टाळी. बघता बघता माझी बायकोही चपला काढून त्यात घुसली. चक्क टाच, चवडा, गिरकी! घरात कुठे सराव केला होता देव जाणे. इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटी ती शत्रूला जाऊन मिळाली.

आमची जुनी मंडळी मात्र भिंतीकडेच्या टेबलांवर हातांच्या घड्या घालून बसली होती. त्या धडधडीवर त्यांचे गुडघे कुठे चालणार? एक म्हातारी मावशी मला म्हणाली, "काय रे, तू गाणार कधी? आम्ही काय नुसती बिर्याणी खायला आलो?"

"आज मी नवरीचा बाप आहे, मावशी. आज सुट्टी."

"बापाला कसली सुट्टी?" ती म्हणाली आणि रागावून बिर्याणीकडे वळली. मीही ताटाकडे पाहत बसलो.

निघायची वेळ जवळ आली. त्यांची गाडी बाहेर उभी होती, बॅगा ठेवून झाल्या होत्या. पाहुणे जागचे उठू लागले. एवढ्यात मोठा पडदा काळा झाला. मला वाटलं, वीज गेली. पाहतो तर मुलगी माझ्या टेबलाशी उभी, हातात माइक. तिच्या मागे माझा फुजैराचा मित्र, गळ्यात गिटार. गुपचूप गाडीत टाकून आणली होती लबाडाने.

"डॅडी. युअर साँग."

"अगं, लग्नात नको म्हणालीस ना? ते गाणं घर सोडून जाणाऱ्या बाईचं आहे."

"मग आता मी निघालेच आहे ना," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. सत्तावीस वर्षांचा करार तिने त्या क्षणी मोडला.

मी उभा राहिलो. मित्राने धम-चक-चक सुरू केलं आणि भिंतीकडची टेबलं एकदम जागी झाली. मावशीने नवऱ्याला ओढून उठवलं. वसईची, पापडीची, नंदाखालची सगळी जोडपी गुडघे विसरून हॉलभर फिरू लागली. मी पहिलं कडवं म्हटलं. दाराशी बॅग, बाहेर टॅक्सी. आवाज छान लागला होता. सत्तावीस वर्षं सांभाळलेला घसा होता तो.

मग भिंतीवरच्या घड्याळाची ओळ आली. रंगाचा कोरा गोल. आणि मला तिची खोली दिसली, तो आरशाचा डाग दिसला, खिडकीतला पुट्टीचा डबा दिसला. बत्तीस लग्नांत ही ओळ मी हसत हसत म्हटली होती. तेहतिसाव्यात तोंड उघडलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही.

गाणं थांबलं नाही. थांबणार कसं? आमच्या सगळ्यांना ते तोंडपाठ. मी गप्प झालो तसं मावशीने उचललं, तिच्याकडून अख्ख्या हॉलने उचललं. ती गेली, घड्याळ घेऊन गेली, घर रिकामं झालं, दार उघडं आहे, असं सगळे जण मान डोलवत, एकमेकांकडे बघून हसत गात होते. अर्थ माहीत असलेली आम्ही चारच माणसं त्या हॉलमध्ये. मित्र गिटारवर मान घालून वाजवत होता, माझ्याकडे बघत नव्हता. बायको वाकून टेबलाखाली चप्पल शोधत होती, आणि बराच वेळ तिला ती सापडत नव्हती.

मुलीने माझ्या हातातला माइक काढून टेबलावर ठेवला. माझा एक हात आपल्या हातात घेतला, दुसरा स्वतःच्या खांद्यावर ठेवला. आम्ही नाचू लागलो. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, ती हळूच मोजत होती, मी तिला लहानपणी शिकवताना मोजायचो तशी. एवढा सोपा ठेका, आयुष्यभराचा. तरी तिसऱ्या फेरीला तो माझ्याकडून सुटला आणि माझा पाय तिच्या पायावर पडला.

"इट्स ओके, डॅडी," ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.